तोट्याचा हिशेब कोण मागतो?



नफा झाला की हिशेब मागणारे दारात उभे राहतात. तोटा झाला की तेच लोक चार शब्द हळहळून आपापल्या घरी जातात. पेढीवर काही वर्षे काढलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु एवढ्या साध्या निरीक्षणातून फसवणुकीची एक योजना उभी राहू शकते, त्या योजनेवर विनोदी चित्रपट निघू शकतो आणि त्या चित्रपटावरून तीन दशकांनंतर संगीत नाटक रचले जाऊन ते अमेरिकेच्या रंगभूमीवरील टोनी पारितोषिकांचा विक्रम मोडू शकते, ही गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. नाटकाचे नाव ‘द प्रोड्युसर्स’, म्हणजे ‘निर्माते’. २०२५ च्या सप्टेंबरात लंडनला मुलीकडे मुक्काम असताना चेअरिंग क्रॉस रोडवरील गॅरिक नाट्यगृहात या नाटकाचा, पॅट्रिक मार्बर यांनी दिग्दर्शित केलेला नवा प्रयोग पाहण्याचा योग आला. दुपारचा खेळ होता आणि नाट्यगृह भरलेले होते. लोक पोट धरून हसत होते, मीही हसलो. पण व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला या नाटकात हसण्यापलीकडचेही काही दिसते. त्याविषयी आज लिहितो.

प्रथम मूळ चित्रपटाविषयी. मेल ब्रुक्स हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९२६ साली एका ज्यू कुटुंबात जन्मले. ते दोन वर्षांचे असताना वडील वारले. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. पुढे दूरचित्रवाणीसाठी विनोदी लेखन करीत असताना त्यांनी ही कथा लिहिली आणि स्वतःच दिग्दर्शित केली. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. खर्च सुमारे ९ लाख ४० हजार डॉलर, लांबी अवघी ८८ मिनिटे. १९६७ च्या अखेरीस तो पिट्सबर्ग येथे प्रथम दाखविण्यात आला आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कला आला. समीक्षकांत मतभेद झाले. काहींना त्याची चव फार हीन वाटली. विख्यात विनोदी नट पीटर सेलर्स यांनी तो खाजगीत पाहिला आणि त्याची स्तुती करणारी जाहिरात चित्रपट व्यवसायाच्या नियतकालिकात दिली, हे प्रसिद्धच आहे. अखेर त्या वर्षीच्या उत्कृष्ट मूळ पटकथेचे ऑस्कर ब्रुक्स यांना मिळाले.

आता कथा. मॅक्स बियालिस्टॉक हा एकेकाळचा नावाजलेला, आता पडत्या काळातला नाट्यनिर्माता. तो श्रीमंत वृद्ध स्त्रियांशी लाडीगोडी लावून त्यांच्याकडून नाटकासाठी पैसे घेतो. त्याचे हिशेब तपासायला लिओ ब्लूम नावाचा एक भित्रा, बुजरा हिशेबनीस येतो. लहानपणापासूनच्या निळ्या पांघरुणाचा तुकडा खिशात ठेवून धीर धरणारा हा मनुष्य! वह्या तपासताना त्याला दोन हजार डॉलरचा फरक सापडतो: मॅक्सने जमविलेली रक्कम नाटकावर झालेल्या खर्चापेक्षा तेवढ्याने अधिक आहे. नाटक पडले, म्हणून कोणी विचारले नाही. आणि मग लिओच्या तोंडून सहज एक विचार बाहेर पडतो. एखादा निर्माता यशस्वी नाटकापेक्षा पडलेल्या नाटकात अधिक कमावू शकेल!

हे कसे, ते आपल्या भाषेत मांडू. समजा, नाटकाचा खर्च १ लाख रुपये आहे. दहा माणसांना आपण प्रत्येकी ५० टक्के भागीदारी देऊ केली आणि प्रत्येकाकडून ५० हजार घेतले. जमले ५ लाख. खर्च झाला १ लाख. हातात उरले ४ लाख. नाटक पहिल्याच रात्री पडले, तर दहाही जणांना ‘तुमचे पैसे बुडाले’ असे सांगितले की विषय संपला. बुडालेल्या पैशाचा हिशेब कोण मागतो? पण नाटक चालले आणि २ लाखांचा नफा झाला, तर प्रत्येक जण आपला निम्मा वाटा, म्हणजे १ लाख मागणार. देणे झाले १० लाखांचे! म्हणून या धंद्यात नाटक पडणे हीच खरी कमाई, आणि चालणे हाच विनाश. चित्रपटातील ही जोडी तर नफ्याचे २५ हजार टक्के विकते. मग नाटक हमखास पडावे म्हणून ते जगातील सर्वांत वाईट संहिता शोधतात, सर्वांत वाईट दिग्दर्शक नेमतात. ती संहिता म्हणजे हिटलरची आरती ओवाळणारे एक नाटक. पण प्रेक्षक ते उपहास समजून हसत सुटतात. नाटक तुफान चालते आणि दोघांचे दिवाळे वाजते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ब्रॉडवेवर नाटकाला पैसा पुरविणाऱ्यांना ‘एंजल’, म्हणजे देवदूत म्हणतात. बहुसंख्य नाटकांत गुंतविलेले भांडवलही परत येत नाही, हे त्या देवदूतांना ठाऊक असते. जेथे तोटा होणे हेच स्वाभाविक मानले जाते, तेथे तोट्याच्या पडद्याआड लबाडी सहज लपते. ब्रुक्स यांच्या कथेचा पाया हा असा पक्का, व्यवहारातला आहे. म्हणूनच तो विनोद साठ वर्षांनीही शिळा झालेला नाही.

चित्रपटाचे नाटक कसे झाले, हाही एक रंजक इतिहास आहे. आपल्याकडे बहुधा उलटा प्रवास घडतो. ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक १९६७ च्या डिसेंबरात रंगमंचावर आले आणि त्यावरून चित्रपट निघाला तो २०१५ साली. ‘द प्रोड्युसर्स’ हा नेमका त्याच सुमाराचा चित्रपट. पण तो पडद्यावरून रंगमंचावर गेला. याचे संगीत नाटक करा, असा आग्रह डेव्हिड गेफन या निर्मात्याने ब्रुक्स यांच्यामागे धरला. ब्रुक्स प्रथम ‘हॅलो, डॉली!’चे संगीतकार जेरी हर्मन यांच्याकडे गेले. तर हर्मन यांनी, गाणी तुम्हीच लिहा, असा सल्ला दिला. काम मिळत असताना ते दुसऱ्याकडे बोट दाखविणारा हा संगीतकार मला फार मोठा वाटतो. संहितेसाठी ब्रुक्स यांनी टॉमस मीहन यांना जोडीला घेतले. दिग्दर्शन माइक ऑक्रेंट करणार होते. परंतु १९९९ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी सुझन स्ट्रोमन या नृत्ये बसविणार होत्या. त्यांनी पतीच्या मृत्यूनंतर दिग्दर्शनाची धुराही उचलली. जगाला हसविणारे हे नाटक एका विधवेने दुःखाच्या दिवसांत उभे केले, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

१९ एप्रिल २००१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स नाट्यगृहात नेथन लेन आणि मॅथ्यू ब्रॉडरिक यांच्या प्रमुख भूमिकांनिशी नाटकाचा शुभारंभ झाला. दुसऱ्या दिवशी तिकीटखिडकीवर ३० लाख डॉलरहून अधिक रकमेची विक्री झाली. त्या वर्षी या नाटकाने १२ टोनी पारितोषिके मिळविली. त्यापूर्वीचा १० पारितोषिकांचा विक्रम ‘हॅलो, डॉली!’च्याच नावावर होता. तिकिटांचा इतका काळाबाजार होऊ लागला, की निर्मात्यांनी स्वतःच काही मोजक्या जागांचा दर ४८० डॉलर ठेवला. नाटक पाडून पैसा कमावण्याची गोष्ट सांगणारे नाटक असा पैसा मिळवीत होते! २००७ च्या एप्रिलमध्ये ते थांबले, तेव्हा त्याचे २,५०२ प्रयोग झाले होते.

८८ मिनिटांच्या चित्रपटाचे अडीच तासांचे नाटक करताना नुसती गाणी भरून चालत नाही. चित्रपटात कॅमेरा नटाच्या चेहऱ्याजवळ जाऊन त्याच्या मनातले दाखवितो. रंगमंचावर ते काम गाण्याला करावे लागते. लिओ आपल्या कचेरीत इतर हिशेबनिसांच्या रांगेत मान खाली घालून बसला आहे; सगळे एका सुरात कुढत आहेत; आणि एकाएकी कागदपत्रांच्या कपाटांतून झगमगीत नर्तकी बाहेर येतात. लिओच्या मनातले स्वप्न आपल्याला डोळ्यांनी दिसते. आकड्यांत आयुष्य गेलेल्या माणसाचे मन किती तहानलेले असते, हे चित्रपटात सूचित होते; नाटकात ते गाऊन उठते. आपल्या संगीत नाटकात भावना उंचावली की पद येते आणि रसिक त्या पदाशी थांबतो. ब्रॉडवेच्या नाटकात गाणे संपते तेव्हा कथा एक पाऊल पुढे गेलेली असते. हा दोन परंपरांतील भेद या एका प्रसंगात स्पष्ट कळतो.

परंतु चित्रपट आणि नाटक यांतील सर्वांत मोठा फरक शेवटात आहे. चित्रपटात दोघे पकडले जातात, तुरुंगात जातात आणि तेथेही कैद्यांचे नाटक बसवून त्याचे मर्यादेबाहेर हिस्से विकू लागतात. स्वभावाला औषध नाही, असा तो शेवट. नाटकात लिओ पैसे घेऊन प्रेयसीसह ब्राझीलला पळतो. मॅक्स एकटा कोठडीत सापडतो. आणि मग खटल्याच्या वेळी लिओ आपण होऊन परत येतो व भर न्यायालयात मॅक्सच्या बाजूने उभा राहतो. शिक्षा दोघांना होते. पण तुरुंगात लिहिलेल्या नाटकामुळे त्यांना माफी मिळते आणि ते सरळमार्गाने निर्माते होतात. काही जाणकारांना हा शेवट गुळमट वाटतो. मला तसे वाटले नाही. संपत्ती हाती आलेली, पकडले जाण्याची भीती नाही, आणि तरीही मनुष्य परत येतो. कशासाठी? कारण आयुष्यात प्रथमच त्याला एक भागीदार मिळालेला असतो. भागीदारी हा शब्द ज्याला कळतो, त्याला लिओचे परत येणे समजायला अडचण पडू नये.

आता मनाला बोचलेल्या एका गोष्टीविषयी. मॅक्सला पैसे देणाऱ्या वृद्ध स्त्रिया हा नाटकातील सर्वांत हमखास हशाचा विषय आहे. २००१ च्या मूळ प्रयोगात स्ट्रोमन यांनी चालण्यासाठी आधाराच्या चौकटी घेतलेल्या आजींचा नाच बसविला आणि तो विख्यात झाला. हसू येते, हे खरे. पण त्या हशामागे काय आहे? एकाकी म्हातारपण, हातात थोडा पैसा, आणि दोन गोड शब्द बोलणाऱ्या माणसाची भूक. आपल्या समाजात अशा स्त्रिया काही केवळ रंगमंचावर नसतात.

आमच्या आजोबांची बार्शीला आडतीची पेढी होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे नात्यातल्या दोन-तीन विधवा बायकांची रक्कम पेढीवर ठेव म्हणून असे. एका वर्षी शेंगदाण्याचा भाव अचानक कोसळला आणि पेढीला मोठी खोट आली. वडील सांगत, की त्या वर्षी दिवाळीपूर्वी आजोबा वही बगलेत मारून आधी या बायकांच्या घरी गेले, भागीदारांकडे मागाहून. त्यांच्यापैकी एक आत्याबाई निरक्षर होत्या. आजोबांनी त्यांच्या पुढ्यात वही उघडली, जमा आणि नावे या दोन्ही बाजू बोटाने दाखवून वाचून दाखविल्या आणि ठेव सुरक्षित आहे, पण या वर्षी व्याज उशिरा मिळेल, असे सांगितले. आत्याबाई म्हणाल्या, ‘दादा, मला यातले काय कळते? तू सांगशील ते खरे.’ त्यावर आजोबांचे उत्तर असे होते: ‘तुला कळत नाही, म्हणूनच तुला दाखवायचे. ज्याला कळते, तो आपणच बघून घेतो.’

‘द प्रोड्युसर्स’मधील मॅक्स याच्या नेमका उलट वागतो. तोही वृद्ध स्त्रियांच्या घरी जातो, पण वही घरी ठेवून जातो. विश्वास दोघांकडेही तेवढाच आहे. एकाने तो हिशेबाचे कारण मानला, दुसऱ्याने हिशेब टाळण्याची सोय मानली.

आणखी एक गोष्ट नाटक पाहताना माझ्या मनात आली. मॅक्सची सगळी योजना एका गोष्टीवर टिकून आहे: त्या स्त्रिया एकमेकींना भेटत नाहीत. त्यांतील तिघी जरी एका दुपारी चहाला एकत्र बसल्या असत्या आणि ‘माझा निम्मा हिस्सा’, ‘माझाही निम्मा’, ‘अगबाई, माझाही निम्माच’ असे बोलणे झाले असते, तर सारा डाव त्याच चहाच्या टेबलावर उघडा पडला असता. त्या वेड्या नव्हत्या. त्यांना एकेकटे ठेवले होते, एवढेच. आजही नात्यागोत्यातून, ओळखीतून, ‘आपल्याच माणसाची योजना आहे’ असे सांगून जेव्हा पैसा गोळा होतो, तेव्हा प्रत्येकाला कानात स्वतंत्रपणे सांगितले जाते आणि ‘हे कोणाला बोलू नका’ अशी पुस्ती जोडली जाते. ही पुस्ती ऐकली की सावध व्हावे. ज्या भागीदारीत एका भागीदाराने दुसऱ्याला ओळखू नये अशी अट असते, ती भागीदारी नव्हे.

म्हणून पैसा देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत, मग तो पुतण्याच्या दुकानासाठी असो की परक्याच्या नाटकासाठी. एकूण भांडवल किती लागणार? त्यातील किती हिस्से कोणाकोणाला दिले आहेत? आणि तोटा झाला तर वही कोण तपासणार? पहिले दोन प्रश्न बहुतेक जण विचारतात. तिसरा विचारायला संकोच वाटतो. आरंभालाच तोट्याची भाषा अशुभ वाटते. परंतु मॅक्ससारख्यांचे भांडवल म्हणजे आपला हा संकोचच होय. घरातील सुनांना, विधवा बहिणींना, वृद्ध आईला हे प्रश्न विचारण्याची सवय असावी आणि ते विचारल्यावर कोणी ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे म्हणू नये.

रंगभूमी आणि कर्ज यांचे नाते आपल्यालाही नवे नाही. बालगंधर्वांनी १९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. भरजरी वस्त्रे, उंची अत्तरे, नाट्यगृहात दरवळणारा सुगंध यांत त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. पुढे मंडळी मोठ्या कर्जात बुडाली. ते कर्ज बालगंधर्वांनी स्वतःच्या अंगावर घेतले आणि वर्षानुवर्षे प्रयोग करून फेडले. व्यवहाराच्या दृष्टीने त्यांना कोणी शहाणे म्हणणार नाही. पण बियालिस्टॉकला आकडे कळत होते आणि बालगंधर्वांना बहुधा कळत नव्हते. तरी सावकाराने झोपेत कोणाच्या नावाने निश्चिंत असावे, हे सांगायला नको.

उरला हिटलरचा प्रश्न. लक्षावधी ज्यूंचा संहार करणाऱ्या माणसावर हसावे काय? ब्रुक्स स्वतः ज्यू आणि त्या युद्धातील सैनिक. त्यांची भूमिका त्यांनी वारंवार सांगितली आहे: हुकूमशहाशी त्याच्याच गर्जनेच्या भाषेत वाद घालण्यापेक्षा त्याला हास्यास्पद करावे, म्हणजे त्याची मोहिनी उतरते. २००९ साली हे नाटक बर्लिनच्या आडमिराल्सपालास्ट नाट्यगृहात झाले. याच नाट्यगृहात एकेकाळी हिटलरसाठी खास कक्ष होता. जर्मनीत स्वस्तिकचिन्ही नाझी झेंडे लावण्यास कायद्याने बंदी. म्हणून बाहेर तसेच लाल झेंडे लावून मध्यभागी प्रेट्झेल या जर्मन पावाचे चित्र काढले होते. जेथे भय बसत असे, तेथे पावाचा झेंडा फडकला. हसण्याला एवढे सामर्थ्य असते.

जे वाचक परदेशी मुलांकडे जातील, त्यांनी संधी मिळाल्यास हे नाटक अवश्य पाहावे. मात्र लहान मुलांना बरोबर नेऊ नये. भाषा अनेक ठिकाणी उघडीवाघडी आहे. दिग्दर्शकाच्या बायकी हावभावांवरील आणि स्वीडिश तरुणीच्या रूपावरील विनोद जुन्या काळातले आहेत आणि आज ते तितके निर्मळ वाटत नाहीत. ज्यांना नाटक पाहणे शक्य नाही, त्यांनी १९६७ चा मूळ चित्रपट पाहावा. झिरो मोस्टेल आणि जीन वाइल्डर यांचा अभिनय पुन्हा पाहावा असा आहे. २००५ साली या नाटकावरून पुन्हा एक चित्रपट निघाला. रंगमंचावरची ऊब त्यात उतरली नाही.

आणि पाहून आल्यावर घरात एक विषय जरूर काढावा. ज्या व्यवहारात आपले पैसे बुडाले असे आपण मानून चाललो आहोत, त्याची वही आपण कधी पाहिली आहे काय? पाहिली नसेल, तर मागावी. प्रामाणिक माणसाला ती दाखविताना वाईट वाटणार नाही. उलट त्याच्या मनावरचे ओझे उतरेल.